न बोलणाऱ्या गवयाबरोबर सायकलवर

हा लेख लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात रेशन कार्ड आणि वंदनेची एक पातळ पुस्तिका यांपलीकडे छापील कागद नव्हता. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिला. त्यामुळे लिहायला बसलं की दुसऱ्याच्या ओसरीवर चपला घालून चढल्यासारखं वाटतं. त्यात विषय गाण्याचा, आणि मला गाणं येत नाही. मी गायला लागलो की आमची शेळी कान पाडते, असं माय म्हणते. पण मराठीच्या सरांनी दोनदा सांगितलं, "व्हरांड्यात उभा राहून मला जे सांगितलंस, तेच कागदावर सांग." तेच कागदावर येतं की नाही हे मला अजून कळलेलं नाही. काही चुकलं असेल तर वाचणाऱ्यांनी पोटात घालावं.

आमचं कॉलेज आहे त्या मूल गावच्या राइस मिला या आठवड्यात सुरू झाल्या. हलकं, लवकर पिकणारं धान बाजारात आलं की त्या सुरू होतात आणि मग होळीपर्यंत थांबत नाहीत. वाचनालयाच्या खिडकीतून कोंड्याची बारीक धूळ आत येते आणि उघड्या वहीवर बसते. बोटाने पुसली तर बोटाला नव्या तांदळाचा वास लागतो, कच्चा, थोडासा दुधाचा. बाकीची मुलं खिडकी लावून घेतात. मी माझ्या बाजूची उघडी ठेवतो. दोन वर्षांपूर्वी ही धूळ उडत होती तेव्हा आमच्या घरी कोणी मोठ्याने श्वासही घेत नव्हतं, आणि त्याच दिवसांत मी बाबांना पहिल्यांदा ओळखलं, असं मला वाटतं. वाक्य मोठं झालं. पण खोटं नाही.

बाबांना चार तालुक्यांत दौलत गवई म्हणतात. शेत अडीच एकर, तेही अर्धं पावसाच्या भरवशावर. त्यांची खरी ओळख आवाजाची. दिवाळी झाली की गावोगावी मंडईची जत्रा भरते, तिथे दंडार होते. दंडार म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं नाटक. त्यात बाबा गायचे. आणि एप्रिलात बाबासाहेबांच्या जयंतीला त्यांना एका गावातून दुसऱ्या गावात अक्षरशः उचलून नेत. माइक नसायचा. असला तरी बाबा तो बाजूला सरकवायचे.

त्या वर्षी पोळ्यापासून त्यांचा आवाज बसला. माय म्हणाली, सर्दीनं. शेजारी म्हणाले, खर्र्यानं. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला खर्रा पुढे केल्याशिवाय आमच्याकडे पाहुणचार पुरा होत नाही, आणि गवयाला तर जो भेटेल तो खर्रा देतो. दिवाळीच्या आधी मी त्यांना चंद्रपूरला घेऊन गेलो. डॉक्टरांनी आरसा घालून गळा पाहिला, आत गाठ आहे म्हणाले, तिचा तुकडा काढला आणि तो नागपूरला पाठवला. "पंधरावीस दिवसांत पत्र येईल," ते म्हणाले. "आजपासून एक महिना बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. खर्रा कायमचा बंद." मग त्यांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं आणि कॅन्सरची शंका आहे असं सांगितलं. नसेलही, असं पुढे जोडलं. मी कॉलेजात जातो हे त्यांना कळलं होतं, म्हणून मला बोलावलं. शिकल्याचा मला झालेला तो पहिला उपयोग.

दवाखान्याच्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, पत्र कुठे पाठवायचं. मी कॉलेजचा पत्ता दिला. आमच्या गावात डाक आठवड्यातून दोनदा येते आणि ज्याच्या हाती लागेल तो ती आणून देतो. शिवाय पत्र इंग्रजीत येणार. इंग्रजी पत्राने कॉलेजात यावं, हे मला शोभेलसं वाटलं. माझं नाव, वर्ग, कॉलेज, जिल्हा चंद्रपूर. त्या माणसाने ते वहीत लिहून घेतलं तेव्हा मला जरा बरंही वाटलं होतं, हे आज सांगायला लाज वाटते.

बाबांना मी कॅन्सर हा शब्द सांगितला नाही. पण येताना एस.टी.त ते सगळा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत होते. मूल येईपर्यंत त्यांना कळलं होतं.

घरात न बोलणारा माणूस असला की बाकीचे जास्त बोलतात. माय दोघांचं बोलायची. "आता तुम्ही म्हनाल भाजीत मीठ कमी आहे. नाई आहे कमी. खा." बाबा हसायचे, तेही तोंड मिटून. बैल मात्र अडून बसले. बाबांच्या हाकेशिवाय ते पाऊल टाकत नव्हते. मी हाक दिली की मागे वळून पाहायचे, हा कोण म्हणून. बाबांना लिहिता येत नाही. सही येते. त्यामुळे पाटी-पेन्सिलीचा उपयोग नव्हता. जे सांगायचं ते बोटांनी.

संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसून काहीबाही सांगायचो. एकदा सांगायला काही उरलं नाही म्हणून कॉलेजच्या वाचनालयात पाहिलेल्या एका अमेरिकन मासिकातली गोष्ट सांगितली. तिकडे म्हणे लोक मोटार काढतात आणि हजार-हजार मैल जातात, कशासाठी, तर गाण्याच्या जागा पाहायला. कुठे एखाद्या गवयाचं लाकडी घर. कुठे ज्या खोलीत पहिली तबकडी भरली ती खोली. कुठे नुसता चौरस्ता, जिथे कोणी एक जण गिटार घेऊन उभा राहायचा. तिथे पाटी लावलेली असते. लोक पाटीजवळ उभे राहून फोटो काढतात आणि पुढच्या गावाला जातात. "घर पाहून काय मिळते त्याइले?" मायने विचारलं. मला उत्तर आलं नाही. बाबांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सायकल अंगणात काढली. चाकात हवा भरली. कॅरियरवर पोतं घडी करून बांधलं आणि मला खूण केली, तू चालव. हलकं धान कापून झालं होतं. भारी, उशिरा येणारं धान अजून हिरवं होतं, त्याला आठ-दहा दिवस अवकाश होता. शेतकऱ्याला वर्षात असे रिकामे दिवस हेच.

"डाक्टरनं आराम सांगतला अन् हे सायकल काढून राह्यले," माय म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुले कोन सांगतलं होतं बाबू, त्याइले अमेरिका सांगाले?"

पण भाकरी तिनेच बांधून दिली.

आपल्याला कुठे जायचं आहे हे मला माहीत नव्हतं. बाबा मागे कॅरियरवर बसले होते. उजव्या खांद्यावर टिचकी म्हणजे उजवीकडे, डाव्या खांद्यावर म्हणजे डावीकडे, पाठीवर तळहात म्हणजे थांब. आणि रस्ता सरळ असला की त्यांची बोटं माझ्या पाठीवर ठेका धरायची. तो ठेका थांबला की मला भीती वाटायची. वाटायचं, आता हे त्या पत्राचा विचार करत असतील. मग पुन्हा सुरू व्हायचा. पत्र कुठेतरी निघालं असेल, नागपूरच्या कोणत्या तरी टेबलावर असेल, हे मी पायडल मारताना दर मैलाला मनात म्हणत होतो.

पहिला तळहात पाठीवर पडला तो मूलच्या एका जुन्या राइस मिलसमोर. बाबा लहानपणी तिथे पोती उचलायचे हे मला माहीत होतं. पण ते मला पोत्यांकडे न नेता थेट मशीनच्या खोलीत घेऊन गेले. भिंतीशी एक रुंद कातडी पट्टा दोन चाकांवरून फिरत होता. पट्ट्याला एका जागी जोड होता आणि तो जोड चाकावरून जाताना दर फेरीला फट्ट असा वाजत होता. बाबांनी माझा हात धरला आणि त्या फट्टबरोबर माझ्या तळहातावर बोट आपटलं. एक. मग मधल्या जागेत दोन लहान ठोके. मग पुन्हा फट्ट. मला एकदम कळलं. बाबांची सगळी गाणी याच चालीने चालायची.

एक म्हातारे हमाल पोत्यावर बसून खर्रा घोटत होते. ते ओरडले, "काय बे दौलत, बोलून नाई राह्यला? बायकोनं तोंड शिवून देल्लं का?" मी डॉक्टरांचं सांगितलं. घोटलेला खर्रा त्यांनी बाबांपुढे न करता स्वतःच्या खिशात ठेवला. मग मला म्हणाले, "तुह्या बापानं या पट्ट्याच्या पायी शिव्या खाल्ल्या. पट्टा बंद पडला का याचं गानं बंद पडे, अन् गानं बंद पडलं का आमचे हात बंद पडत. मुकादम म्हने, मिल कोन चालवते, इंजिन का हा पोट्टा?" बाबा पट्ट्याकडे पाहत उभे होते. कोंड्याने त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मी विचार करत होतो, इथे पाटी लावायची तर काय लिहायचं.

मूलहून सावली गावाकडे जाताना दोन्ही बाजूंना बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं लागतात. कापलेल्या धानाचे कडपे आडवे पडलेले, त्यांवर बगळे. मध्येच मोहाचं एकटं झाड. ऊन चढलं होतं पण वारा थंड होता. एका गावाच्या अलीकडे डाव्या खांद्यावर टिचकी पडली आणि आम्ही आंब्याच्या झाडांत शिरलो. तिथे एक विहीर होती, दगडी, अर्धी ढासळलेली. बाबा काठावर ओणवे झाले आणि आत पाहत राहिले. शेण वेचणारी एक म्हातारी बाई आमच्याकडे आली. तिने बाबांना निरखून पाहिलं आणि मला विचारलं, "हा सोमाचा दौलत ना?"

सोमा म्हणजे माझे आजोबा. मी हो म्हणालो.

"अजून विहिरीत तोंड घालते का हा?" ती म्हणाली आणि टोपली खाली ठेवून ऐसपैस बसली. मग तिने सांगितलं ते असं. बाबा सोळा-सतरा वर्षांचे असताना या गावात सालदार होते. रोज पहाटे विहिरीत तोंड घालून ओरडायचे. आवाज खालून भरून वर यायचा. पहिल्या दिवशी कोणी विहिरीत पडलं म्हणून गाव दोर घेऊन धावलं. "पाहतो तं हा इथी पालथा, अन् आआ करून राह्यला. माह्या सासऱ्यानं काठी उगारली. मंग म्हने, जाऊ द्या, पानी तं नाई शिवला."

ती हे हसत सांगत होती आणि तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मी मात्र ते घेऊन बराच वेळ बसलो. छप्पन साली दीक्षा झाली, त्याच्या आधीची गोष्ट ती. त्या विहिरीत बादली टाकायला आमच्या माणसांना बंदी होती. आवाज टाकायला बंदी घालायचं कोणाला सुचलं नव्हतं. बाबांनी एक खडा उचलला, आत टाकला आणि बुडुक आवाज येईपर्यंत कान देऊन उभे राहिले. मग मला खूण केली, तू ओरड. मला लाज वाटली. त्या बाईसमोर, भर दुपारी. पण त्यांचा चेहरा पाहून मी ओणवा झालो आणि ओरडलो. खालून जो आवाज आला तो माझा आहे असं मला आजही पटत नाही. बाबांनी मान हलवली. आवाज चांगला नव्हता, पण विहीर अजून शाबूत आहे, असा त्याचा अर्थ मी लावला.

रात्र एका नातलगाकडे काढून दुसऱ्या दिवशी आम्ही वैनगंगेवर पोचलो. पूल झाल्यापासून घाटावर डोंगा एखादाच असतो. बाबांनी पूल सोडून घाटाची वाट दाखवली. डोंगेवाल्याने सायकल आडवी ठेवून घेतली. नदी मध्यावर आली तशी त्याने वल्हं उचललं आणि डोंगा वाहू दिला. मी घाबरलो. तो म्हणाला, "काई नाई. दंडारवाले चढले का इथी थांबाव लागे. इथून हे पहिलं गानं म्हनत. तिकडचे लोक काठावर डफ वाजवून जवाब देत. जवाब आला तं डोंगा लावाचा. नाई आला तं समजाचं, गावात मयत आहे, नाईतं भांडन. वापस." मग तो बाबांकडे पाहून म्हणाला, "याइचं गानं बिनजवाबाचं वापस नाई आलं कदी."

कोणी गायलं नाही. पाण्याचा तळाशी घासणारा आवाज होता, दूर कोणी धुणं आपटत होतं. बाबांनी पलीकडच्या काठाकडे पाहत ओठ हलवले. शब्द नव्हते, श्वासही नव्हता. डॉक्टरांची आज्ञा त्यांनी तिथेही मोडली नाही. मी खाली मान घालून बसलो. मला तेव्हा फार वाईट विचार येत होते. या नदीवर हा माणूस पुन्हा गाणार नसेल तर, असे. ते इथे लिहीत नाही.

त्या दुपारी आम्ही ज्या गावात गेलो ते जंगलाच्या कडेला आहे. त्याचं नाव मी मुद्दाम देत नाही. गावाजवळ आल्यावर बाबांची बोटं माझ्या पाठीवर पूर्ण थांबली. त्यांनी मला एका मोठ्या घरासमोर थांबवलं. ओसरीवर धोतर नेसलेले एक गृहस्थ सुतळी वळत बसले होते. त्यांनी वर पाहिलं आणि सुतळी त्यांच्या हातातून सुटली.

"दौलतभाऊ," ते म्हणाले.

ते मारोती पाटील. मंडईचे जुने पंच. ते खाली उतरले, बाबांसमोर उभे राहिले, काहीबाही विचारलं. कसं काय, कुठून येणं केलं. बाबा उभे. मी सांगायला तोंड उघडलं, "बाबांना डॉक्टरांनी..." तर पाटलांनी हात वर केला. "तू नको बोलू, बेटा. त्याइचा हक आहे न बोलाचा." आणि तिथेच अंगणात उभं राहून ते बोलू लागले.

अठरा वर्षांपूर्वीच्या मंडईत बाबांची दंडार तिथे झाली होती. तसं गाणं त्या गावाने आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही, असं पाटील म्हणाले. सकाळी जेवणाची पंगत बसली. बाकीच्यांची पानं ओसरीवर मांडली. बाबांचं आणि ढोलकीवाल्याचं पान गोठ्याजवळ. बाबा पानावरून उठले. कोणाला एक शब्द बोलले नाहीत. तसेच उपाशी नदीपर्यंत चालत गेले. त्यानंतर किती बोलावणी गेली, आले नाहीत.

"मी पंच होतो," पाटील म्हणाले. "मले दिसत होतं कोनाचं पान कुठी मांडलं. मी म्हनू शकत होतो. नाई म्हनलो." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तुमी नोका बोलू, दौलतभाऊ. पन उभं राहून आयकून तं घ्या."

आता मला राहवेना. हे सगळं एका चुकीवर चाललं होतं. बाबा रागाने गप्प नव्हते, त्यांच्या गळ्यात गाठ होती. मी पुन्हा पुढे झालो तर बाबांनी माझ्या दंडाला धरून मला मागे ओढलं आणि बोट ओठांवर ठेवलं. गप्प राहा. मी गप्प राहिलो. पाटील आणखी बराच वेळ बोलले. दारात त्यांची बायको येऊन उभी राहिली होती. शेवटी ती म्हणाली, "अठरा वर्सं घरात बसून मलेच सांगत होते. आता समोरचा बोलत नाई तं तोंड सुटलं."

पाटलांचं बोलणं संपलं. मग बाबांनी आपल्या पोटावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने तोंडाकडे खूण केली.

भूक लागली.

पाटलीणबाईंनी आम्हाला आत नेलं. ओसरी ओलांडून, माजघर ओलांडून, चुलीपर्यंत. बाबांना भाकरी गिळताना दुखायचं हे मी त्यांना हळूच सांगितलं, तेव्हा त्यांनी तांदळाची पेज केली, मऊ, वर तूप. पाटील शेजारी पाट घेऊन बसले. बाबांनी तीन वाट्या पेज घेतली. दवाखान्यातून आल्यापासून एवढं खाताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. हात धुतल्यावर मी पाटलांना खरं काय ते सांगितलं. गाठ, तुकडा, नागपूर, महिना.

पाटील माझ्याकडे पाहत राहिले, मग बाबांकडे. "म्हनजे राग नोताच?"

बाबांनी अंगठा आणि बोट यांच्यात मोहरीएवढी जागा ठेवून दाखवली. होता, एवढा. पाटलीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. पाटलांना हसावं की काय करावं कळेना. मग तेच म्हणाले, "अन् पत्र कुठी येनार?"

"कॉलेजात," मी म्हणालो.

"कालेज सुरू आहे?"

मंडईच्या दिवसांत शाळा-कॉलेज बंद असतात हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला माहीत होतं. मला नव्हतं. म्हणजे होतं, सुटी होती म्हणूनच मी सायकलवर होतो. पण पत्ता देताना मी फक्त तो कागदावर कसा दिसेल एवढंच पाहिलं होतं. कॉलेजच्या ऑफिसला कुलूप, आणि बाबांचा निकाल त्या कुलपाच्या आत, किंवा वाटेत, किंवा कुठेच नाही.

परतीचा रस्ता मला नीट आठवत नाही. मी जोरात सायकल मारत होतो आणि बाबा पाठीवर हात ठेवून मला हळू करत होते.

कॉलेजच्या फाटकावर चौकीदार होते. ऑफिसची किल्ली कारकून बाबूंजवळ, आणि बाबू गावाला. पत्रं येतात, ती डाकवाला दाराच्या फटीतून आत टाकतो. मी फटीतून आत पाहिलं. फरशीवर लिफाफ्यांचा एक ढीग पडला होता आणि त्यावर कोंड्याची धूळ. मी चंद्रपूरला गेलो. डॉक्टर सुटीवर. खिडकीवरच्या माणसाने वही पाहून सांगितलं, "पत्र टाकलंय. तुम्ही दिलेल्या पत्त्यावर."

"चांगलं की वाईट?"

"ते आम्ही उघडत नाही," तो सौजन्याने म्हणाला.

ते दिवस कसे गेले हे लिहिण्याएवढी भाषा माझ्याजवळ नाही. कोणी मला दोष दिला नाही, हेच मला जड जात होतं. माय एकदाच म्हणाली, "गावच्या डाकेनं आलं असतं तं कोनाच्या तरी हाती लागलं असतं." मग तिलाच वाईट वाटलं आणि तिने माझ्या ताटात जास्त भात वाढला. बाबा मात्र त्या फेरीनंतर वेगळे दिसत होते. मी लपवलेला शब्द त्यांना ठाऊक होता, पत्र कुठे अडकलं तेही ठाऊक होतं, तरी ते अंगणात बसून विळ्याला धार लावत होते आणि बोटांनी दगडावर ठेका धरत होते. मला वाटतं त्यांनी आपल्या जागा पाहून घेतल्या होत्या. पट्टा फिरतो आहे, विहीर आवाज परत देते आहे, आणि एका घरात त्यांच्या पानाची जागा बदलली आहे. ते अमेरिकन लोक घर पाहायला का जातात, याचं उत्तर मी मायला आता कदाचित देऊ शकेन. जागा तिथेच आहे हे पाहिलं की माणसाला जरा धीर येतो, एवढंच असेल.

कॉलेज उघडलं त्या दिवशी मी सकाळी सातला फाटकावर होतो. बाबू आले नव्हते. त्यांच्या मुलाला ताप होता. मराठीच्या सरांना सगळं सांगितलं, तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, "तू इथे थांबून काय करणार? आभाळ भरून येतंय, तुमचं भारी धान शेतात उभं असेल. जा. ऑफिस उघडलं की पहिलं पत्र मी उचलीन." मला जायचं नव्हतं. पण आभाळ खरंच भरलं होतं, आणि कडपे भिजले की धानाला कोंब फुटतात.

दोन दिवस आम्ही तिघं कापत होतो. आमची बांधी सडकेला लागून आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी मूलहून सावलीकडे जाणारी गाडी आली. तिचा थांबा पुढे फाट्यावर आहे. ती आमच्या बांधीसमोर आली आणि थांबली. घंटी वाजली, दार उघडलं आणि कंडक्टर खुशालभाऊ पायरीवर उभे राहिले. या रस्त्यावर ते दहा वर्षं आहेत, सगळ्यांना नावाने ओळखतात. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. ती उघडी होती.

"ओ दौलतभाऊ," ते ओरडले. "गाठ साधी आहे. कॅन्सर-फॅन्सर काई नाई. गाऊन गाऊन झालेली गाठ म्हनते."

मी शेताच्या धुऱ्यावरून पळत सुटलो, दोनदा पडलो. चिठ्ठी सरांच्या अक्षरात होती. पत्र त्यांनी सायन्सच्या सरांकडून दोनदा वाचून घेतलं होतं. गाठ निरुपद्रवी आहे, ठरलेला महिना पुरा होईपर्यंत आवाजाला विश्रांती, मग दाखवायला यावं. मी ती वाचली, पुन्हा वाचली आणि बांधीकडे वळून मान हलवली.

गाडीतल्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. त्यांना आमच्या आधी कळलेलं होतं. एक बाई म्हणाली, "आता तरी बोला, भाऊ."

बाबा कडप्यांच्या मधोमध उभे होते. त्यांनी विळा कमरेला खोचला, हात वर केला आणि पाच बोटं दाखवली.

"काय म्हनते?" ड्रायव्हरने आतून विचारलं.

"महिना व्हाले पाच दिवस बाकी आहे म्हनते," खुशालभाऊ म्हणाले. गाडीत हसू उसळलं आणि त्या हसण्यासकट गाडी पुढे गेली.

माय विळा टाकून कडप्यांवर बसली होती. ती उठली, लुगड्याला लागलेली कुसळं झटकली आणि बाबांना म्हणाली, "राहू द्या पाच दिवस. मी बोलून राह्यली ना दोघाचं."